काशम्माच्या एक्कावन्न पिशव्या

शेळगीतल्या त्या गल्लीत काशम्मा कलशेट्टीच्या दाराची बेल सहसा कुणी वाजवत नसे. बेलच्या वर एक चित्र चिकटवलेलं होतं: पाठीची कमान केलेली, डोळे वटारलेली काळी मांजर, आणि खाली ठळक अक्षरांत, 'काम असेल तरच'. चित्र तिनंच इंटरनेटवरून उतरवलेलं, तिनंच जाड कागदावर छापलेलं आणि उन्हानं विटू नये म्हणून लॅमिनेशन करून आणलेलं. दूधवालासुद्धा बेल न वाजवता लांबूनच खाकरायचा.

"पोस्टमन पळून जाईल की," नवरा चनमल्लप्पा एकदा म्हणाला.

"पळू दे. कदी चांगलं पत्र आणलंय त्यानं?"

चनमल्लप्पा गप्प बसला. गप्प बसायचा त्याला सराव होता. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यानं एकच काम केलं: नक्षीचा आलेख समोर ठेवायचा आणि त्याप्रमाणे मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. एक भोक चुकलं की मोराची मान मोडते. असल्या कामात बोलणारा माणूस टिकत नाही. निवृत्त होऊन तो घरी बसला, आणि दोन खोल्यांचं घर काशम्माला एकदम अर्ध्या खोलीचं वाटायला लागलं.

त्याच सुमारास त्यांची मुलगी शिवानी पुण्याला नोकरीला गेली. जाताना जुना लॅपटॉप आणि शाईचा प्रिंटर मागं ठेवून गेली. "आई, वेळ जात नसेल तर चित्रं छाप," म्हणाली. वेळ जात होता, माणसं जात नव्हती. पण काशम्मानं चिडून चिडून का होईना, ते शिकून घेतलं. पहिल्यांदा भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला केळीचं एक मोठं पान उतरवलं, चार कागदांवर चार तुकडे करून छापलं, कडा ब्लेडनं कापून जोडलं. सांधा कुठं आहे ते शोधून दाखवा, असं ती येईल त्याला सांगायची. मग डाळीच्या डब्यांवर त्या त्या डाळीची फुलं आली. देवळीच्या मागं निळं आभाळ आलं. मीटरच्या पेटीवर चिमण्या बसल्या. छापलेला कागद एक दिवस वाळू दिल्याशिवाय काचेमागं घालायचा नाही, कडेला दोन बोटं पांढरी जागा सोडायची, चकचकीत कागद पूर्वेच्या भिंतीला लावायचा नाही, असे तिचे कायदे होते. कायदे मोडणारा एकच प्राणी घरात होता, आणि तो घाबरून काही मोडत नव्हता.

खरी लढाई भिंतीपलीकडं होती. पलीकडं बाळाबाई, काशम्माची धाकटी जाऊ. दोन भावांची दोन घरं, मध्ये एकच भिंत. ती भिंत कुणाच्या जागेत बांधलीय यावरून भाऊ एकदाच भांडले आणि विसरले. जावा विसरल्या नाहीत. इकडून खिळा ठोकला की तिकडून बाळाबाई ओरडायची, "अक्का, माजा गिलावा पडतोय!" आणि काशम्मा मुद्दाम आणखी दोन ठोके घालायची.

एक दिवस ती बाळाबाई बेल वाजवून आत आली. मांजरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"अक्का, हे एवढं मोठं करून द्या की." तिनं मोबाईल पुढं केला. व्हॉट्सॅपवर आलेला नंदी होता, आणि त्याच्या अंगावरून 'शुभ सोमवार' असं गुलाबी अक्षरांत लिहिलेलं.

"ह्यात जीव न्हाय."

"एवढा मोठा नंदी हाय, जीव न्हाय काय?"

"नंदी हाय, ठिपके न्हाईत. फिरून फिरून झिजलेला फोटू हाय ह्यो. मोठा केला तर ताकात पडलेल्या भाकरीगत सुटंल."

"द्यायचं न्हाय म्हणा की सरळ. तुमी तेवढं फुकटचं उतरवायचं, आमी मागितलं की सुटतंय व्हय?"

"फुकटचं?" काशम्मा उठून उभी राहिली. "चित्र काढणाऱ्याला पैसे भरून घेते मी. घरात लावायचं तर घरातच लावते. दुसऱ्याला द्यायचं असलं तर आदी त्येला विचारते. तुज्यागत 'पुढे पाठवा' करत न्हाय."

"शेवटी कागदच की हो!" बाळाबाई दारातून म्हणाली. "कागद तो कागद. शाई ती शाई. मोठ्या चित्रकार लागून गेल्या!"

त्या वर्षी श्रावणात मठात पुराण होतं. महिनाभर रोज संध्याकाळी प्रवचन, आणि भगिनी मंडळाच्या पन्नासएक बायका भजनाला, भाकऱ्या थापायला, भांड्यांना. समाप्तीच्या दिवशी त्या सगळ्यांना काहीतरी भेट द्यायची पद्धत होती. मंडळाच्या प्रमुख शिवलीलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आवाजात अजून प्रार्थनेची घंटा वाजायची.

"वाट्या द्या. स्टीलच्या," बैठकीत बाळाबाई म्हणाली.

"गेल्या साली वाट्या, त्येच्या आदल्या साली वाट्या," काशम्मा मागच्या रांगेतून म्हणाली. "बायकांच्या घरात आता जेवणापरीस वाट्या जास्त झाल्यात."

बायका हसल्या. शिवलीलाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तुम्ही काय सुचवता?"

काशम्मानं पिशवीतून पिशवी काढली. मांजरपाटाची, तिनंच शिवलेली. त्यावर एक चित्र: एक शरणी, जुन्या काळची लिंगायत संत बाई, मान खाली घालून बसलीय, पदर निळा, डोळे डाव्या तळहातावरच्या पूजेच्या लिंगावर. चित्र काढणारी मुलगी धारवाडची. तिच्याकडून ते विकत घेऊन उतरवलेलं, आणि शिवानीकरवी पत्र पाठवून, मंडळाच्या बायकांना वाटायची परवानगीही घेतलेली. खास कागदावर छापून इस्त्रीनं कापडावर उतरवलेलं. ताईंनी चित्रावरून बोट फिरवलं, पिशवी उलटी केली, कापड ओढून पाहिलं.

"धुतलं तर जाईल?"

"उलटी करून, गार पाण्यात धुवायची. चार डाव धुऊन आणलीय."

ताईंनी नमुना स्वतःजवळच ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "एक्कावन्न करा. आणि ऐका, काशम्मा. प्रसादाच्या हॉलची भिंत मोकळी आहे. तिथं बारा शरणांची चित्रं लावायचीत. पिशव्या नीट उतरल्या तर ते कामही तुमचंच. नाहीतर फ्लेक्सवाल्याला सांगून टाकते."

आजवर काशम्माची सगळी चित्रं डबे, मीटर आणि ओलीचे डाग झाकण्यात गेली होती. हॉलची ती भिंत तीस फूट लांब होती. रोज शंभर माणसं तिच्यासमोर पंगतीला बसायची. तिला ती भिंत पाहिजे झाली, इतकी की तिनं नजर खाली घातली. कुणाला दिसायला नको.

बाळाबाईला दिसलंच. "खाली मंडळाचं नाव छापा पर. आपण दिलं ते कळाया नगं?"

"चित्रावर नाव न्हाय."

"का? अक्षरं छापाया येत न्हाईत व्हय?"

"लग्नाची पिशवी हाय का ही? 'आहेर स्वीकारला जाणार नाही' तेबी छापू काय?"

"ताई, बघा की कशा बोलत्यात!"

"नाव नको," ताईंनी निकाल दिला. "चित्र पुरेसं आहे."

तेवढ्यावर काशम्मानं थांबायला पाहिजे होतं. पण जिंकल्यावर थांबणं तिच्या रक्तात नव्हतं. ती उभी राहून म्हणाली, "एका पिशवीत जरी खोट निघाली ना, तर एक्कावन्नच्या एक्कावन्न परत घीन!"

"ऐकलं की सगळ्यांनी?" बाळाबाई गोड आवाजात म्हणाली.

काम आठ दिवस चाललं. या कामात एक खोच असते. चित्राचा कागद कापडावर पालथा घालून इस्त्री करायची, म्हणजे चित्र उलटं उतरणार. म्हणून छापतानाच ते आरशातल्यासारखं उलटं छापायचं. लॅपटॉपवर त्यासाठी एका चौकोनात खूण करावी लागते. शिवानीनं फोनवर तीनदा बजावलं होतं, आणि नमुन्याच्या पिशवीला काशम्मानं खूण केलीही होती. पण नंतर निळी शाई संपली. नवी आणून घातली तर प्रिंटर अडकला, बंद करून पुन्हा चालू केला, आणि त्या भानगडीत ती खूण आपोआप निघून गेली. चित्राखाली चार अक्षरं असती तर पहिल्याच पिशवीवर ती उलटी उमटली असती आणि बोंब झाली असती. अक्षरं नव्हती. चेहरा तोच, पदर तोच. काशम्मा फक्त निळा बघत होती: नव्या शाईचा निळा आठवणीतल्या नमुन्याच्या निळ्याशी जुळतो का नाही. जुळत होता. ती खूश होती, म्हणजे भांडत नव्हती.

लाकडी पाटावर तिसरी पिशवी उतरली तेव्हा चनमल्लप्पा शेजारी येऊन उभा राहिला. पिशवी उचलली, खिडकीजवळ नेली, परत आणली.

"काशी."

"काय?"

"ह्ये जरा..."

"रंगाचं बोलायचं न्हाय. तुमच्या कारखान्यातल्या चादरी न्हाईत ह्या."

"रंगाचं न्हाय गं..."

"मग कशाचंच न्हाय. माज्या कामात तोंड घालायचं न्हाय, शंभर डाव सांगितलंय. साकु! इस्त्री गार व्हायलीय हितं."

साकु म्हणजे पुरे. काशम्मा मराठी सोडून कानडीवर आली की पुढं काही नसतं, हे त्या घराला माहीत होतं. चनमल्लप्पानं पिशवीची घडी घातली आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

समाप्तीच्या दुपारी मठात हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, वास भरून राहिला होता. आरती झाली, पिशव्या वाटल्या. बायका पिशव्या खांद्याला लावून बघत होत्या, आत हात घालून खोली मापत होत्या. "डाळ मावती बगा दोन किलो." "व्हय, आन पदर किती निळा!" काशम्मा खांबाला टेकून उभी होती. कधी नव्हे ते तिनं कुणालाही काही सुनावलं नव्हतं.

बाळाबाईनं आपली पिशवी मांडीवर पसरली. बघितली. मग स्वतःचा डावा हात पुढं केला, रोज सकाळी पूजेला करतात तसा, तळवा वर. चित्राकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग उजवा हात पुढं केला.

"अक्का," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पण शेजारच्या बायकांनी ताबडतोब माना वळवल्या. "हिनं लिंग कुटल्या हातात धरलंय?"

"डाव्या. दिसत न्हाय व्हय?"

"मला उजवा दिसतोय."

"डोळे तपासून घे."

"ताई, तुमच्याकडचा नमुना दावा की जरा."

शिवलीलाताईंनी नमुन्याची पिशवी आणली आणि दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक शरणी दाराकडं तोंड करून बसलेली, दुसरी तिच्याकडं पाठ करून. जणू दोघींचं भांडण झालंय आणि कुणी मध्ये पडत नाही. एकीच्या डाव्या हातावर लिंग, दुसरीच्या उजव्या. त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईनं लहानपणी कधी ना कधी चुकीचा हात पुढं केला म्हणून आईची चापट खाल्ली होती. आता एक्कावन्न जणींनी आपापल्या मांडीकडं पाहिलं.

काशम्माला चौकोन आठवला. नुसता चौकोन, रिकामा.

"असू द्या," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "छापताना झालं असेल. बाजारात नेताना कोण बघतंय?"

"मी बघितलं की," बाळाबाई म्हणाली. "आन अक्कांनी शब्द दिलाय भर बैठकीत."

तिच्या नरडीचा घोट घ्यावा असं काशम्माला वाटलं. पण त्याआधी ती वाकली आणि बाळाबाईच्या मांडीवरची पिशवी ओढली. मग शेजारणीची. मग तिच्या शेजारणीची.

"अगं बाई, राहू दे की!" एक म्हातारी पिशवी छातीशी धरून म्हणाली. "मी ह्यात डाळ आणणार हाय. डाळीला कुटला आलाय डावा उजवा?"

"सोडा."

"न्हाय सोडत!"

"आजी, सोडा म्हणते! खोट हाय त्यात. माजी खोट हाय."

"मला आवडलीय ती!"

"तुमाला आवडून काय करायचं? मला आवडली न्हाय!"

ओढाओढी झाली. म्हातारीचा अंबाडा सुटला, कुणाच्या तरी हुग्गीच्या द्रोणावर पिशवी पडली, कुणी हसलं, कुणी "ही बाई हाय का वादळ" म्हणालं. ताई "काशम्मा, काशम्मा!" करत राहिल्या. काशम्मानं पन्नास पिशव्या गोळा केल्या, एका पंच्यात बांधल्या. एक्कावन्नावी म्हातारीनं नेसूच्या घडीत खोचली होती. तिथं हात घालणं काशम्मालासुद्धा जमलं नाही.

घरी येऊन तिनं गाठोडं पाटावर आदळलं. चनमल्लप्पानं गाठोड्याकडं पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. तेच तिला खटकलं.

"विचारत न्हाई का काय झालं?"

तो चष्मा पुसत राहिला.

"तुमाला ठाव हुतं," ती हळू म्हणाली.

"तिसऱ्या पिशवीलाच दिसलं. तीस वर्षं उलटी-सुलटी बाजूच बघत आलोय मी."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगाया आलो हुतो."

"आलो हुतो! आन गेला! हात धरून वढायचं हुतं मला, इस्त्री बंद करायची हुती! एक्कावन्न बायकांच्या देखत ती पलीकडली भवानी..."

"काशी, तुला सांगायचं म्हंजे..." तो शब्द शोधत राहिला. "दहा मिन्टं मनाची तयारी करावी लागती. त्यात तू साकु म्हणालीस."

काशम्मानं काहीतरी फेकायला हात उचलला. हाताशी इस्त्री होती. तिनं हात खाली घेतला, कात्री उचलली, आणि पिशव्यांवरची चित्रं कापायला बसली. चित्र फाटू नये म्हणून कडेकडेनं. सूर्य मावळेपर्यंत ती कापत राहिली.

पुढच्या दहा दिवसांत तिनं नव्या एक्कावन्न पिशव्या केल्या. प्रत्येक कागद छापण्याआधी चौकोनातल्या खुणेवर ती बोट ठेवून बघायची. घरोघर जाऊन तिनं पिशव्या दिल्या. दारातूनच, पाणीसुद्धा न घेता. म्हातारीनं नवीही घेतली आणि जुनीही दिली नाही.

मग शिवलीलाताई आल्या. बेल वाजवली, मांजरीकडं पाहून भुवया उंचावल्या.

"भिंतीचं काम तुमचंच," त्या बसता बसता म्हणाल्या. "पण मंडळात एक ठरलंय. चित्र चढवण्याआधी बाळाबाई बघणार. तिनं हो म्हटल्याशिवाय एकही चढायचं नाही."

"बाळाबाईच का?"

"एक्कावन्न जणींत तिलाच दिसलं म्हणून."

"मग नगं मला भिंत. द्या त्या फ्लेक्सवाल्याला."

"गुरुवारपर्यंत सांगा," ताई म्हणाल्या, आणि चहा पिऊन गेल्या.

दोन दिवस काशम्मानं भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी एका कुंभार शरणाचं चित्र तिनं छापलं, कुणी विचारलं नसताना. धारवाडच्या मुलीकडं कुंभार नव्हता, म्हणून हे दुसऱ्याच कुणाकडून उतरवलेलं. चाक, मडकी, ओला उजवा हात, डाव्या तळव्यावर लिंग. चार कागद जोडून ते दोन हात उंच झालं. तिनं ते नवऱ्यापुढं धरलं.

"बघा. आन आता बोला. तोंड उघडून बोला."

चनमल्लप्पानं चित्र बघितलं, मग बायकोकडं. "मी बघून उपेग न्हाय, काशी. मला दिसतं, पर तुज्यापुढं माजं तोंड उघडत न्हाय. तिचं उघडतं."

काशम्मानं कागद गुंडाळला, पदर खोचला, आणि बाहेर पडून शेजारच्या दारावर थाप मारली. बेल असून.

बाळाबाईनं दार अर्धंच उघडलं.

"काय?"

"बघ ह्ये. डोळे फाडून बघ. पुन्हा म्हणायचं न्हाय दावलं न्हाय म्हणून."

"चष्मा आणते. तितंच थांबा दारात, आत फरशी पुसलीय."

काशम्मा उंबऱ्याबाहेर कागद दोन हातांनी ताणून उभी राहिली. बाळाबाई चष्मा लावून आली, चित्राला नाक लावलं, वरून खाली, खालून वर. लिंग बघितलं, हात बघितला. काशम्माचे दंड भरून आले.

"हात बरोबर हाय," बाळाबाई शेवटी म्हणाली.

"मग? चढवू?"

"पायाला बोटं सा हाईत."

"पाच हाईत! ती सावली हाय!"

"सावलीला नख कशाला आलंय मग?"

"कुटंय नख? दाव, कुटंय?"

"हे काय, हितं! आन हात हालवू नगा, नीट धरा की!"

काशम्मानं कागद उजेडाकडं वळवला, डोळे बारीक केले, आणि ओठ घट्ट मिटून मोजायला सुरुवात केली.